घाटाला नाव शिकाऱ्याचे

छत्रपती संभाजीनगरहून निघून कन्नड मागे टाकले की पठार एकाएकी संपते. रस्ता वळणे घेत चाळीसगावकडे उतरू लागतो आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. लोकांच्या तोंडी हा कन्नडचा घाट, कागदोपत्री औट्रमघाट. आजूबाजूचे सातमाळा-अजिंठा रांगेतले सुमारे २६० चौरस किलोमीटर रान १९८६ साली ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ म्हणून जाहीर झाले. गौताळा हे नाव गौतम ऋषींच्या आख्यायिकेतून आले. औट्रम हे नाव मात्र वाघांच्या शिकारीसाठी गाजलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचे.

जेम्स औट्रम १८२५ साली खानदेशात आला तेव्हा विशीतच होता. त्याआधीच्या वीस-बावीस वर्षांत या मुलखाने फार सोसले होते. होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ यांनी गावे ओस पडली. डोंगरातल्या वाटा आणि घाट राखणारे भिल्ल, कुठलाच आधार न उरल्याने, लुटीवर जगू लागले. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला. डोंगरात फौजा पाठवूनही भिल्ल हाती येईनात. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्यांनाच शिपाई म्हणून नेमायचे ठरवले. ते काम औट्रमकडे आले आणि धरणगावला भिल्लांची पलटण उभी राहिली.

या पलटणीचा पाया घातला गेला तो शिकारीत. औट्रम थोड्या माणसांनिशी भिल्लांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्यासोबत वाघाच्या मागावर गेला आणि त्यातून विश्वास जमला. पुढे काही पिढ्या खानदेशात त्याच्या धाडसाच्या गोष्टी सांगितल्या जात. पण त्या काळातली शिकारीची नोंदही शिल्लक आहे आणि ती वाचून छाती दडपते. १८२५ ते १८३४ या काळात औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यांतले १९१ पडले तेव्हा तो स्वतः हजर होता. शिवाय २५ अस्वले आणि १५ बिबटे वेगळेच. हे सगळे एकट्या या घाटातले नव्हे, अख्ख्या खानदेशातले. तरी एका पलटणीच्या आसपास दहा वर्षांत इतके वाघ संपले, हे विसरता येत नाही. माग काढणारे भिल्ल नसते तर यातला एकही वाघ गोऱ्या साहेबाच्या दृष्टीस पडला नसता. त्यांची नावे ना नोंदीत उतरली, ना घाटाला मिळाली.

याच डोंगररांगेत काही वर्षे आधी आणखी एक शिकारी येऊन गेला होता. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ वाघूर नदीच्या दरीत वाघामागे फिरत असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याच लेण्यात कित्येक शतकांपूर्वी कुणा चित्रकाराने सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा रंगवली होती.

घाटाची वाट मात्र या साहेबांच्या कितीतरी आधीची आहे. अभयारण्यातच, दरीच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. जोत्यावर दगडी हत्ती ओळीने उभे आहेत. दानलेखांत पैठणच्या गंधी घराण्यातला मितदेव आणि मगिल नावाचा राजवैद्य यांच्या नोंदी आहेत. अत्तरे विकणाऱ्याने या रानात दान द्यावे, याचा अर्थ व्यापारी इथून ये-जा करत होते. घाटाखाली, पाटणादेवीच्या परिसरात, गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. हे सांगणारा यादवकाळातला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे; तो डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. एका बाजूला गणित शिकवले जाई, दुसऱ्या बाजूला रान होते.

इंग्रजांच्या काळात घाटमाथा निजामाचा आणि पायथा इंग्रजांचा. आज तीच रेषा दोन जिल्ह्यांची हद्द आहे आणि अभयारण्य तिच्या दोन्ही अंगांना पसरले आहे. सालई, धावडा, अंजन, पळस यांच्या या कोरड्या रानात बिबट्या आहे, तरस आहे, लांडगा आणि रोही आहे. वाघ मात्र बराच काळ नव्हता.

मार्च २०२१ मध्ये वनखात्याच्या स्वयंचलित कॅमेऱ्यात एक पट्टेरी अंग उमटले. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळले की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर. सरळ रेषेत मोजले तरी ३०० किलोमीटरहून जास्त अंतर. मधे सलग जंगल नाही. शेते, गावे, रस्ते आणि नद्यानाले आहेत. ते सगळे ओलांडून तो औट्रमचे नाव असलेल्या रानात पोचला होता.