संगणकावरील वंशावळीतून हवी ती माहिती कशी काढावी?

निरवांगी (ता. इंदापूर) - शेतजमिनीची वारस नोंद असो वा जात पडताळणीचा अर्ज, वंशावळीवाचून काम पुढे सरकत नाही. निरवांगीसारख्या गावात चार-पाच पिढ्यांचा विस्तार शंभर-दीडशे माणसांपर्यंत सहज जातो. एवढ्या गोतावळ्यातून नेमका पुरावा शोधणे कागदावरील वृक्षाला जमत नाही. येथे वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधील 'फिल्टर' आणि 'अहवाल' या सोयी उपयोगी पडतात. २००१ मध्ये सुरू झालेले 'ग्रॅम्प्स' हे असेच एक मोफत व मुक्त सॉफ्टवेअर असून, त्यात देवनागरीत नावे लिहिता येतात.

नोंद नेमकी, तर उत्तर नेमके

व्यक्ती, घटना, ठिकाण आणि आधार या चार गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. ठिकाण गाव, तालुका, जिल्हा अशा उतरंडीत भरावे. प्रत्येक घटनेला तिचा कागद जोडावा. सातबारा, फेरफार, जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना १४, शाळेचे जनरल रजिस्टर ही त्याची उदाहरणे होत. विवाहितेचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे नोंदवावीत. अन्यथा शोधात ती सापडणार नाही.

जुन्या कागदांवर शक असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या घटनेसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७९५ च्या माघातील जन्म त्यामुळे १८७४ मध्ये पडतो. कागदावरील मूळ तिथीही टिपून ठेवावी.

प्रश्न असा बांधावा

फिल्टर म्हणजे नियमांचा संच. सर्व नियम लागू व्हावेत की कोणताही एक, हे ठरविता येते. 'मूळ पुरुषाचे वंशज' आणि 'अर्जदाराचे पूर्वज' हे दोन नियम एकत्र लावले, की दोघांना जोडणारी साखळी तेवढी उरते. जात पडताळणीत वडिलांकडील रक्तसंबंध पाहिले जात असल्याने ही साखळी मोलाची ठरते.

पुढचा टप्पा पुराव्याचा. मानीव दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. त्यापूर्वीच्या नोंदींना महत्त्व असते. येथे एक चूक हमखास होते. 'तारखेपूर्वीची घटना' आणि 'आधार जोडलेला' हे नियम व्यक्तीला वेगवेगळे लावल्यास, घटना एक आणि कागद दुसऱ्याच घटनेचा, अशी व्यक्तीही यादीत येते. म्हणून आधी घटनांचा फिल्टर करावा आणि मग तो व्यक्तींच्या फिल्टरमध्ये वापरावा. साखळीतील जी व्यक्ती यादीत येणार नाही, तिच्या कागदाचा शोध घ्यावा.

लेकी राहून गेल्या का?

जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. 'मूळ पुरुषाचे वंशज' आणि 'स्त्री' असा फिल्टर लावून यादी काढावी. एखाद्या पिढीत मुलगे सात आणि मुलगी एकही नाही असे दिसले, तर घरातील वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी. सुटलेले एक नाव पुढे वारस नोंदीवर हरकतीचे कारण होऊ शकते.

अहवाल काढताना

तयार फिल्टरला ओळखता येईल असे नाव द्यावे. नव्या नोंदी भरल्यावर तोच पुन्हा चालविता येतो. अहवाल पीडीएफ स्वरूपात छापता येतो. तो बाहेर देताना हयात व्यक्तींचा तपशील वगळावा. 'जेडकॉम' फाइलद्वारे वंशावळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते, मात्र स्वतः बांधलेले फिल्टर तिच्यासोबत जात नाहीत. त्यांची प्रत वेगळी जपावी.

संगणकाचा अहवाल हा स्वतः पुरावा नव्हे. वंशावळीचे शपथपत्र आणि मूळ नोंदींच्या प्रमाणित प्रती द्याव्याच लागतात. कोणता कागद कोठे कमी आहे, हे मात्र अर्ज करण्यापूर्वीच कळते.