दोघांची करवत ते चार किलोचं मशीन



द्राक्षाचा हंगाम उरकला की बांधावरची कामं निघतात. वाळलेली बाभूळ, चिंचेच्या मोडक्या फांद्या, काढलेल्या बागेची खोडं. मग फोन सुरू होतात, "भाऊ, हलकं चेन सॉ घेऊ का मोठं? आपलं कठीण लाकूड हलक्याने कापलं जाईल का?" उत्तर दोन ओळींत देता येतं, पण या यंत्राचा इतिहास बघितला की ते जास्त पटतं. म्हणून आज जरा लांब लिहितो.

आधी आपल्याकडचं बघू. नाशिकच्या जुन्या वाड्यांतले सागाचे खांब, तुळया, फळ्या हे सगळं हाताने चिरलेलं लाकूड. ओंडका उंच घोडीवर नाहीतर खड्ड्यावर आडवा ठेवायचा, सूत मारून रेघ पाडायची, एक माणूस वर आणि एक खाली. वरच्याने करवत रेघेवर धरायची, खालच्याने जोर लावून ओढायची. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यात. या कामात नुसती ताकद चालत नव्हती. दाताला कानस मारायची आणि एक दात डावीकडे, एक उजवीकडे असा फाकवायचा, म्हणजे पातं लाकडात आवळत नाही. धार गेलेली करवत ओढली तर दोन पैलवान पण दमतील. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग इंग्रजांच्या काळात लाकडाची मागणी एकदम वाढली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ला सुरू झाली, १८६५ ला गाडी थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढून वर आली. रुळाच्या एका मैलाला दीड-दोन हजार स्लीपर लागायचे, शिवाय पूल, डबे, स्टेशनं. त्याच १८६५ साली पहिला जंगल कायदा आला, १८७८ चा त्याहून कडक. सरकारला लाकूड पाहिजे होतं, पण गावच्या माणसाच्या हातातल्या कुऱ्हाडीवर बंधन आलं. त्यातूनच पुढे १९३० चा जंगल सत्याग्रह झाला. आज कळवण तालुक्यात असलेलं चणकापूर त्यात होतं.

आता साखळीच्या करवतीकडे येऊ. साखळीला दात लावायची कल्पना पहिल्यांदा लाकडासाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापायला हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली. लाकडासाठी मोटरवरची साखळी १९२० नंतर जर्मनीत बनू लागली. आंद्रेआस श्टील याने १९२६ ला विजेवर चालणारी चेन सॉ काढली. वजन ४८ किलोच्या आसपास. म्हणजे युरियाच्या आताच्या ४५ किलोच्या गोणीपेक्षा जड! दोघांनी दोन टोकं धरायची. पुढच्या वर्षी एमिल लेर्प याने डॉल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची चेन सॉ चालवून दाखवली, ती ५८ किलोची. इंजिन आलं, पण माणसं दोनच लागत होती. एका माणसाने चालवायची श्टीलची पेट्रोल करवत १९५० ला आली, तीही १६ किलोची. आज बागेत चालवायचं छोटं मशीन बार आणि चेन सोडून ४ किलोच्या आसपास भरतं.

वजन उतरलं हे सगळ्यांना दिसतं. माझ्या मते खरा फरक चेनच्या दाताने पडला. जुन्या चेनचे दात करवतीसारखे उभे होते. लाकूड खरवडायचे आणि लवकर बोथट व्हायचे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. त्याने लाकूड पोखरणारी अळी बघितली. ती जबडा डावी-उजवीकडे फिरवून लाकूड खाते. तसाच वाकडा दात त्याने चेनला दिला, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ ला धंदा सुरू केला. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चेनचे दात त्याच घडणीचे. आपले करवत ओढणारे जे कानशीने करत होते, तेच तत्त्व.

आता फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. लाकूड काही हलकं झालेलं नाही. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो, बाभूळ आठशेच्या आसपास, आणि अंजन तर पाण्यात बुडतं. मशीन ४ किलोचं झालं तरी बाभूळ तीच आहे. म्हणून हलकं मशीन घ्या, पण बार लहान ठेवा. बाजारात ५८ सीसी आणि २२ इंची बारचं मशीन जास्त खपतं, कारण ते दिसायला दणकट. पण ज्याला दिवसभर झाडावर काम नाही, वर्षातून आठ-दहा दिवसच कापायचं आहे, आणि वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्याला ते वजन खांद्यावर आणि कमरेवर येतं. दमलेल्या हातातलं मशीन सगळ्यात धोक्याचं. ३०-३५ सीसी आणि १४-१६ इंची बार घरच्या कामाला पुरतो. खोड जाड असलं तर दोन्ही बाजूंनी काप घ्या. रोज मोठे ओंडके पाडायचे असतील तरच मोठं.

घेताना तीन गोष्टी बघा. चेन ब्रेक आहे का, हँडलला कंपन अडवायचे रबर किंवा स्प्रिंग आहेत का, आणि चेन-कानस तालुक्याला मिळते का. पहिल्या दोन सोयी उगाच आल्या नाहीत. युरोपातल्या जंगल कामगारांची बोटं कंपनाने बधिर, पांढरी पडायला लागली, उसळलेल्या चेनने माणसं कापली, तेव्हा १९६० ते ७० च्या दशकांत कंपन्यांनी त्या दिल्या. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लावायचा नाही. तिथूनच मशीन तोंडावर उसळतं.

धारेचं एवढंच. मशीनमधून लाकडाचे कपचे पडत असतील तर चेन चांगली. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा, गोल कानस मारा. जोर लावून दाबू नका. बाभूळ जमलं तर ओली असतानाच कापा, वाळली की चेनची धार लवकर खाते. आणि झाड आपल्या बांधावरचं असलं तरी साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते. ती आधी काढा.

खड्ड्यातल्या माणसाच्या डोळ्यात पडणारा भुसा बंद झाला, दोघांचं काम एकावर आलं, हे चांगलंच झालं. पण तेव्हा एक दमला तर दुसरा थांबायचा. आता थांबायचं आपल्यालाच ठरवावं लागतं. म्हणून कापताना एकटे जाऊ नका, कोणीतरी हाकेच्या अंतरावर ठेवा.

तुमच्या गावात हाताने लाकूड चिरणारे जुने कोणी असतील तर त्यांची धार लावायची पद्धत लिहून कळवा. पुढच्या पिढीला ती कुठे बघायला मिळणार?

जय किसान.