मिरजेच्या दप्तरातला तोफखाना

संरक्षण धोरणाचा अभ्यासक म्हटले की दिल्लीतली कचेरी आणि क्षेपणास्त्रांचे तक्ते डोळ्यांपुढे येतात. मला मिरजेच्या शाळेतले संस्कृतचे शिक्षक आठवतात. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) जन्मले गुहागरला, संस्कृत शिकले साताऱ्यात आणि पुढे मिरजेत शिकवू लागले. लढाई त्यांनी कधी पाहिली नाही. पण पटवर्धन सरदारांची दप्तरे हाती आली आणि १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने निघू लागला.

धारवाडचा वेढा घ्या. सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१, टिपूच्या किल्लेदाराविरुद्ध परशुरामभाऊ पटवर्धन. सोबतीला मुंबईकर इंग्रजांची तुकडी. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूरने १७९४ साली पुस्तक छापले. मराठे तोफ भरतात, अर्धा तास गप्पा मारत धूर काढत बसतात, मग बत्ती देतात. धुरळा उडाला की झाले समाधान! चित्र इतके रंगतदार की पुढच्यांनी तेच उचलले.

मूर खोटे लिहीत नव्हता. त्याला तोफ दिसली. तोफेमागचा हिशेब खरेशास्त्र्यांनी छापलेल्या पत्रांत आहे. घोड्यांची चंदी, शिलेदारांचे थकलेले पगार, सावकाराचे कर्ज. सरदाराने सरंजामावर आणि उसनवारीवर फौज उभी करायची, दरबाराने मोहीम सांगायची, ही तेव्हाची पद्धत. दारू मोजून वापरावी लागली की तोफ सावकाशच उडणार, असा माझा तर्क. पदवी नसलेल्या माणसाचा तर्क म्हणून हवा तर बाजूला ठेवा. पण त्याच काळात महादजी शिंद्यांनी द बॉइनच्या पलटणींसाठी दुआबातला मुलूख लावून दिला, पगार वेळेवर निघाला आणि त्यांचा तोफखाना हिंदुस्थानात गाजला. १८०३ साली असईला वेलस्लीच्या फौजेने त्याचा मारा सोसला. तोफ ओतण्याची विद्या आपल्याकडे होती. खजिन्याची शिस्त सगळीकडे नव्हती.

शास्त्रीबुवांचा एक दोष सांगतो. पटवर्धनांवर त्यांचा जीव होता, आणि सरदाराच्या दप्तरात गोलंदाज फारसा बोलत नाही. तरीही शाळा सांभाळून मोडीतली हजारो पत्रे या माणसाने वाचली, निवडली, प्रस्तावना लिहून छापली. १९२४ साली ते मिरजेतच वारले. काम पुढे मुलाने चालवले.