गोळी पोटात जाईपर्यंत

१/ पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (१८९५). भूदानामुळे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु कुष्ठरोगाच्या उपचारांच्या इतिहासातही त्यांचा धागा सापडतो. तो पेणहून थेट वर्ध्याला जातो.

२/ विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी संस्था स्थापन केली. रोग उघड झाला की रुग्णाचे घर आणि गाव दोन्ही सुटत. उपचार म्हणजे चालमोगऱ्याच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने, गुण बेताचाच.

३/ १९४०च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि पुढे डॅप्सोनची स्वस्त गोळी. मात्र ती वर्षानुवर्षे, काहींना तर जन्मभर घ्यावी लागे. चट्टा फिका पडला की गोळी थांबे. दवाखाना दूर, जाण्यात दिवसाची मजुरी बुडे, आणि तेथे कुणी पाहिले तर गावभर बोभाटा.

४/ रुग्ण येत नसेल तर दवाखान्याने त्याच्याकडे जावे, हा विचार वर्ध्यातच रुजला. १९५१ मध्ये तेथे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झाले. डॉ. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री आखली. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले. राष्ट्रीय कार्यक्रमानेही हीच पद्धत स्वीकारली.

५/ तरीही एकट्या डॅप्सोनवर भिस्त ठेवणे महागात पडले. १९६०च्या दशकात या औषधाला न जुमानणारे जंतू आढळले. अनियमित गोळ्यांनी त्यांचे फावले.

६/ १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचार सुचवला. रिफाम्पिसिनची मात्रा महिन्यातून एकदा, कार्यकर्त्याच्या समोर. डॅप्सोन रोज घरी. जंतू अधिक असल्यास जोडीला क्लोफाझिमिन. पुढे २८ दिवसांच्या गोळ्या एकाच पाकिटात मिळू लागल्या. कोणता दिवस चुकला, हे रिकाम्या न झालेल्या खळग्यावरून कळे.

७/ यातही अडचण होतीच. क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते, रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते. लपवलेला आजार चेहऱ्यावर उमटला, असे वाटून रुग्ण उपचार सोडू शके. हे आधीच समजावून सांगणे, हेही औषधाइतकेच मोलाचे काम होते.

८/ डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून खाली आले. नवे रुग्ण मात्र आजही आढळतात.

९/ २०१७च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा नवा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील आरंभीच्या जिल्ह्यांत पुन्हा वर्धा होता. मोजकी औषधे, ठरलेला क्रम, प्रत्येकाचे उपचार कार्ड आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा: सूत्र जुनेच.

१०/ पेण असो वा रोहा, "आता बरे वाटते, मग गोळी कशाला?" हा प्रश्न रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा रुग्ण आजही विचारतो. औषध शोधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. या प्रश्नाचे उत्तर द्यायला उंबरठ्यापर्यंत गेलेल्या कार्यकर्त्यांची नावे बहुधा कोठेच नोंदलेली नाहीत.