हौशी रेडिओचा पहिला संच : नवा की वापरलेला?
वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. संज्ञानिश्चिती

आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक शोध यांसाठी परवानाधारक व्यक्तींनी चालवलेली बिनतारी सेवा म्हणजे हौशी रेडिओ. ही सेवा चालवणाऱ्यास हॅम म्हणतात. प्रेषण आणि ग्रहण ही दोन्ही कार्ये करणाऱ्या यंत्रास पुढील विवेचनात ‘संच’ म्हटले आहे. संच, अँटेना, त्यांना जोडणारी केबल, वीजपुरवठा आणि अर्थिंग यांच्या समुच्चयास ‘स्थानक’ ही संज्ञा योजली आहे. हे दोन शब्द भिन्न आहेत, हे प्रारंभीच लक्षात ठेवावे. नवशिक्या संच विकत घेतो, पण संवाद स्थानकाद्वारे होतो.

उत्पादकाची हमी लागू असलेला आणि पूर्वी कोणीही न चालवलेला संच म्हणजे ‘नवा’. किमान एका मालकाच्या हातून गेलेला आणि हमी संपलेला संच म्हणजे ‘वापरलेला’. या व्याख्यांवरून दोहोंमधील खरा भेद दिसून येतो. किमतीतील फरक हा त्याचा परिणाम आहे. अज्ञात दोषाचा भार कोणी वाहायचा, हा मूळ भेद. नव्या संचात तो भार ठरावीक मुदतीपर्यंत उत्पादकावर असतो, वापरलेल्या संचात खरेदीच्या क्षणापासून ग्राहकावर असतो. म्हणून ‘नवा की वापरलेला’ या प्रश्नाचे उत्तर दोषाचे मापन करण्याची क्षमता कोणापाशी आहे, यावर अवलंबून राहते. मात्र कोणता संच मोजायचा हे ठरल्याशिवाय मापन संभवत नाही. त्यासाठी तीन गोष्टींचा निर्णय क्रमाने करावा लागतो : कायद्याची मर्यादा, संवादाचे अंतर आणि संचाचा प्रकार.

२. कायद्याची मर्यादा

भारतात हौशी परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून मिळतो. त्यासाठीचा अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून करता येतो. किमान वय १२ वर्षे आहे. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. (अ) रिस्ट्रिक्टेड : यात मोर्सची परीक्षा नाही. या श्रेणीची संकेतनामे व्हीयू३ ने सुरू होतात. (आ) जनरल : यात मिनिटाला ८ शब्दांच्या गतीने मोर्स पाठवणे आणि घेणे अपेक्षित असते. या श्रेणीची संकेतनामे व्हीयू२ ने सुरू होतात.

या व्यवस्थेतून संचनिवडीसाठी तीन निष्कर्ष निघतात. पहिला : परवाना आधी, संच नंतर. विनापरवाना बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास १९३३ च्या कायद्याने मनाई केली होती आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यास अधिकृती आवश्यक आहे. स्वस्त संच हाती लागतो म्हणून परीक्षेपूर्वीच तो घेणे, ही केवळ घाई राहत नाही, तो अपराध ठरतो. दुसरा : परवान्यावर नमूद केलेल्या शक्तिमर्यादेपेक्षा अधिक क्षमतेसाठी पैसे मोजणे व्यर्थ. तिसरा : संचावर दिसणारी प्रत्येक वारंवारता हॅमला खुली नसते. बाजारातील अनेक हँडी, म्हणजे हातात धरून चालवायचे छोटे संच, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत प्रेषण करू शकतात, भारतीय हॅमचा पट्टा मात्र १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. उरलेल्या भागात शासकीय व व्यावसायिक सेवा चालतात. यंत्र जे करू शकते आणि परवाना जे करू देतो, त्यांतील अंतर पाळण्याची जबाबदारी चालकाची आहे.

३. अंतराचा प्रश्न

कायद्याची चौकट ठरल्यावर, कोणाशी बोलायचे आहे आणि ती व्यक्ती किती दूर आहे, हे निश्चित करावे. येथे दोन प्रसारणपद्धती एकमेकींपासून वेगळ्या करणे आवश्यक आहे.

(१) सरळरेषी प्रसारण. १४४ मेगाहर्ट्झ आणि त्यावरील लहरी प्रायः क्षितिजापर्यंत जातात. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे घेऊन त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणले, की सपाट भूमीवरील रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सूत्र वर्ध्याला लावून पाहू. हातात धरलेल्या दोन हँडी, प्रत्येकी दीड मीटर उंचीवर : सुमारे १० किलोमीटर. वर्ध्याहून सेवाग्राम किंवा पवनार या मर्यादेत येते, अर्थात मध्ये घरे आणि झाडे नसतील तर. दोन्ही टोकांस १० मीटरचे खांब : सुमारे २६ किलोमीटर. हिंगणघाट सरळ रेषेत अंदाजे ३३ किलोमीटर आहे, म्हणून तेथपर्यंत पोहोचण्यास दोन्ही टोकांस सुमारे १६ मीटरचे खांब हवेत. आर्वी त्याहून दूर, अंदाजे ४७ किलोमीटर. नागपूर सरळ रेषेत अंदाजे ६७ किलोमीटर. वर्ध्याचा खांब १० मीटरचा धरल्यास नागपूरच्या टोकाची अँटेना भोवतालच्या भूमीपेक्षा सुमारे १७० मीटर उंच असावी लागेल. एवढ्या उंचीवर रिपीटर, म्हणजे ऐकलेले प्रेषण पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र, चालू असेल तरच ही जोडणी भरवशाची होते. शक्ती वाढवल्याने क्षितिज दूर सरकत नाही.

(२) आयनावरणीय प्रसारण. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या (एचएफ) लहरी आयनावरणातून वळून पुन्हा भूमीवर येतात. भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅमच्या भाषेत ‘४० मीटर’, हा पट्टा नवशिक्यास सर्वाधिक उपयुक्त आहे. या पट्ट्यासाठी तारेचा डायपोल ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर लांब, म्हणजे प्रत्येक बाजूस १० मीटर, होतो. तो ७ ते १० मीटर उंचीवर बांधल्यास ऊर्जा बव्हंशी वर जाते आणि तेथून सर्व दिशांना परतते. त्यामुळे दिवसा आर्वी, नागपूर आणि सरळ रेषेत सुमारे सव्वासहाशे किलोमीटरवरील मुंबई ही तिन्ही एकाच तारेच्या टप्प्यात येऊ शकतात. रात्री आयनावरण विरळ झाल्यावर जवळची स्थानके सुटतात आणि दूरची ऐकू येतात.

या दोन पद्धतींच्या तुलनेतून स्थानिक निष्कर्ष मिळतो. मोठ्या शहरात, जेथे अनेक हॅम काही किलोमीटरच्या परिघात राहतात, तेथे हँडी हा स्वाभाविक प्रारंभ आहे. वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके विस्तीर्ण क्षेत्रावर पसरलेले आहेत. तेथे केवळ हँडी घेणाऱ्यास, जवळ चालू रिपीटर नसल्यास, बहुधा शांतता ऐकावी लागते. म्हणून येथे पहिला संच ४० मीटरचा असावा.

४. संचाचे प्रकार

शक्ती, रचना आणि दुरुस्तीक्षमता या तीन निकषांवर संचांचे चार प्रकार होतात.

(१) हँडी. शक्ती सुमारे ५ वॅट. हा नवाच घ्यावा. किंमत अल्प असते आणि जुन्या हँडीची बॅटरी हाच तिचा सर्वांत दुर्बळ भाग असतो. मात्र अतिस्वस्त हँडींपैकी काहींत मूळ वारंवारतेच्या पटीतील अनावश्यक लहरी मर्यादेपलीकडे आढळल्या आहेत. म्हणून निवड केवळ किमतीवर करू नये.

(२) संपूर्ण ट्रान्झिस्टरचा १०० वॅटचा एचएफ संच. आयकॉम आयसी-७१८, यासू एफटी-८९१ ही या वर्गाची परिचित उदाहरणे. १३.८ व्होल्टवर चालतो आणि पूर्ण शक्तीच्या प्रेषणात २० ते २३ अँपिअर प्रवाह घेतो.

(३) व्हॉल्व्हयुक्त जुना संच. १९७० च्या दशकातील यासू एफटी-१०१ आणि केनवूड टीएस-५२० यांच्या अंतिम टप्प्यात व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या प्लेटवर ६०० व्होल्ट किंवा अधिक दाब असतो. संच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो. अनुभवी मार्गदर्शक शेजारी नसल्यास हा प्रकार पहिल्या संचासाठी वर्ज्य मानावा.

(४) स्वनिर्मित किंवा अर्धनिर्मित संच. हैदराबादचे अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी रचलेली बिटएक्स ही मालिका या वर्गाचे सर्वोत्तम भारतीय उदाहरण आहे. तिच्यातील मायक्रोबिटएक्स सुमारे १० वॅट देतो आणि त्याचे मंडल-आरेख सर्वांना खुले आहेत. १०० वॅटवरून १० वॅटवर उतरणे म्हणजे १० डेसिबलची घट. संकेताची तीव्रता दाखवणाऱ्या एस-मीटरवर ती दोन घरांहून कमी दिसते. स्वच्छ पट्ट्यावर ही घट क्षुल्लक. परंतु वैशाख-ज्येष्ठात विदर्भावर वळिवाची वादळे असताना ४० मीटरवर सतत खरखर असते आणि तीत १० वॅटचा आवाज बुडतो. नवशिक्याने ही मर्यादा जाणून हा संच निवडल्यास हरकत नाही, कारण तो शिकवतो सर्वाधिक.

या शेवटच्या प्रकारास महाराष्ट्रात एक थोर पूर्वपीठिका आहे. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा प्रेषक उभारण्यात पूर्वीचे हौशी परवानाधारक नरिमन प्रिंटर यांचे तंत्रज्ञान होते. घोषित लहरलांबी ४२.३४ मीटर होती. ती वारंवारतेत मांडल्यास सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजच्या ४० मीटर पट्ट्याच्या आतच. यंत्र कोठून आले याहून ते कोणाला उमगले होते, हे तेथे निर्णायक ठरले.

५. नवा आणि वापरलेला : तुलना

प्रकार ठरला की मूळ प्रश्नाकडे येता येते. दुसऱ्या प्रकारातील, म्हणजे १०० वॅटच्या ट्रान्झिस्टर संचातील, गुणदोष पुढीलप्रमाणे मांडता येतील.

नव्या संचाचे लाभ तीन : हमी, सुटे भाग मिळण्याची शक्यता आणि अज्ञात इतिहासाचा अभाव. हानी दोन : किंमत आणि त्यातून उद्भवणारी उपेक्षा. सर्व निधी संचात गेल्यास अँटेना, केबल आणि वीजपुरवठा यांसाठी काही उरत नाही आणि उत्तम संच निकृष्ट स्थानकात अडकतो.

वापरलेल्या संचाचा लाभ एकच, पण मोठा : त्याच निधीत संपूर्ण स्थानक उभे राहते. हानी त्याच्या वयानुसार वाढते. कोरडे पडलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, झिजलेले रिले आणि खरखरणारे पोटेन्शिओमीटर हे सामान्य दोष होत, ते दुरुस्त होतात. आयकॉमच्या १९८० च्या दशकातील आयसी-७४५ आणि आयसी-७५१ या संचांत कार्यप्रणाली एका लिथियम सेलच्या आधारे स्मृतीत टिकते. सेल संपल्यावर संच मूक होतो. अंतिम टप्प्याचे ट्रान्झिस्टर जळालेले असल्यास त्यांच्या जागी बनावट भाग गळ्यात पडण्याचा धोका आहे. हे विशेष दोष महागात पडतात.

यावरून नियम मिळतो : ज्या दोषांचे मापन खरेदीपूर्वी शक्य आहे, त्यांचा भार स्वीकारावा, ज्यांचे शक्य नाही, त्यांचा स्वीकारू नये.

६. वापरलेल्या संचाचे परीक्षण

मापनाचे पाच टप्पे आहेत. क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा पुढील टप्प्यातील हानी टाळतो.

(१) दर्शन. स्क्रूंची डोकी झिजलेली असल्यास संच वारंवार उघडला गेला आहे. जळका वास, गंज आणि मूळ फ्यूज नसलेली वीजतार यांची नोंद घ्यावी.

(२) ग्रहण. अँटेना जोडताच प्रत्येक पट्ट्यावर गोंगाट वाढला पाहिजे. त्यानंतर आकाशवाणी नागपूरची ५८५ किलोहर्ट्झची मध्यमलहर साइडबँडमध्ये लावून शिटी शून्यावर आणावी आणि अंक वाचावा. एकाच स्फटिकावर चालणाऱ्या संचात येथील १० हर्ट्झची त्रुटी ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे १२० हर्ट्झ होते.

(३) प्रेषण. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड आणि वॅटमीटर लावून प्रत्येक पट्ट्यावर शक्ती मोजावी. ती एका पट्ट्यावर कमी असल्यास दोष बहुधा त्या पट्ट्याच्या फिल्टरमध्ये, सर्वत्र कमी असल्यास बहुधा अंतिम टप्प्यात.

(४) स्वर. दुसऱ्या संचावर स्वतःचे प्रेषण ऐकावे. संच तापल्यावर हा टप्पा पुन्हा करावा. वर्ध्याच्या मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या उष्णतेत चालू शकेल असाच संच येथे उपयोगाचा.

(५) कागद. विक्रेता परवानाधारक असावा. अनुक्रमांक लिहिलेली पावती, माहितीपुस्तिका आणि मायक्रोफोन हे तीनही हाती आल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजू नये.

तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांसाठी जाणकार हॅमची साथ लागते. अधिक सूक्ष्म मापनासाठी ऑसिलोस्कोप लागतो. तो सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो.

७. देशकालाचे नियम

वर्धा जिल्ह्यासाठी दोन अटी विशेष आहेत. पहिली विजेची. ग्रामीण भागात पुरवठा खंडित होतो तेव्हाच हौशी संवादाची गरज सर्वाधिक असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या आपत्तीत तारेवरील संपर्क तुटतो. १३.८ व्होल्टचे बहुतेक संच १५ टक्के कमी-अधिक दाब सहन करतात, म्हणजे सुमारे ११.७ व्होल्टपर्यंत. म्हणून इन्व्हर्टरसाठी वापरली जाणारी १२ व्होल्टची बॅटरी थेट उपयोगी पडते. मात्र जाड आणि आखूड तारेने जोडावी, अन्यथा २० अँपिअरच्या प्रवाहात दाब तारेतच गळतो. दुसरी अट आकाशातील विजेची. वादळाचे चिन्ह दिसताच अँटेनाची केबल संचापासून काढून घराबाहेर अर्थिंगला जोडावी. नवा असो वा जुना, ही शिस्त न पाळणाऱ्याच्या घरी कोणताही संच दीर्घकाळ टिकत नाही आणि माणसाच्या जिवालाही धोका राहतो.

८. निष्कर्ष

पूर्वोक्त विवेचनातून पुढील क्रम सिद्ध होतो. प्रथम परवाना. नंतर ४० मीटरचा डायपोल, केबल आणि अर्थिंग, कारण त्यांत वापरलेला पैसा संच बदलला तरी वाया जात नाही. त्यानंतर वीजपुरवठा. शेवटी संच. जाणकार हॅम सोबत असेल आणि पाचही टप्पे पार पडत असतील, तर वापरलेला, व्हॉल्व्हरहित, १०० वॅटचा एचएफ संच घ्यावा. असा सोबती नसेल, तर नवा आणि साधा संच घ्यावा किंवा मायक्रोबिटएक्स जोडत शिकावे. हँडी दुसऱ्या संचाच्या स्थानी असावी.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडी होते. साधन स्थानिक हातांना उमजावे आणि दुरुस्त करता यावे, ही दृष्टी या भूमीस अपरिचित नाही. पहिल्या संचालाही तोच निकष लावावा. ज्याचे आतील मंडल मालकाला एक वर्षात समजू लागेल आणि ज्यातील बिघाड जिल्ह्यातच ओळखता येईल, तो संच योग्य. त्याच्या वयाचा प्रश्न त्यानंतरचा.