वणव्यावर जगणारे झाड

सकाळी वर्तमानपत्र उघडताना त्याचा कागद कोठून आला, हे आम्ही क्वचितच मनात आणतो. विसाव्या शतकात कॅनडातील काळ्या स्प्रूसच्या लगद्यापासून झालेला कागद देशोदेशी गेला. तेथील वृत्तपत्री कागद आमच्याकडेही येत असे. परंतु या झाडाचा खरा इतिहास वणव्याचा आहे. त्याचे शंकू शेंड्याजवळ राळेने मिटलेले असतात. आग लागली की ते उघडतात व बी जळक्या भुईवर पडते. मात्र नव्या झाडाला भरपूर बी धरावयास काही दशके लागतात. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर भूमी जळाली. वणवे मुदतीपूर्वीच परतू लागले, तर बी कोठून यावयाचे? हजारो वर्षे ज्या अग्नीने हा वंश राखला, तोच घाईने आला तर वंश खुंटेल.