दापोडीच्या बागेतला पांगारा

१८४९ चा फेब्रुवारी. पवनेच्या काठी, दापोडीच्या सरकारी बागेत तुम्ही उभे आहात आणि तुमच्या हातात पांगाऱ्याची नुकती तोडलेली फांदी आहे. जपून धरा, काटे लागतील. पान एकही नाही, टोकाला लालभडक तुरा तेवढा आहे. आत टेबलाशी बसलेला चित्रकार मान वर न करताच हात पुढे करतो. घाई त्याला आहे, कारण तोडलेलं फूल फार वेळ ताजं राहत नाही.

गव्हर्नर माल्कम यांनी १८२८ मध्ये सुरू केलेली ही बाग आता डॉ. अलेक्झांडर गिब्सन सांभाळतात. लष्करी दवाखान्यांना लागणारी औषधी झाडं इथे वाढतात. शिवाय १८४७ पासून मुंबई इलाख्याच्या जंगलांची राखणही गिब्सन यांच्याकडेच आहे. झाडांची चित्रं काढायला त्यांनी हा पोर्तुगीज-भारतीय चित्रकार ठेवला आहे. समजा, आज पाळी पांगाऱ्याची आहे.

आधी पेन्सिलीची हलकी रेघ. तुरा कागदावर उतरला की तुम्हाला वाटेल, झालं काम. खरं काम आता सुरू होतं. नुसत्या लाल रंगावरून पांगारा ओळखता येत नाही, कारण त्याच्या भाईबंदांची फुलंही लालच. म्हणून तो एक फूल खुडून भिंगाखाली धरतो आणि पाकळ्यांच्या मुळाशी असलेलं आवरण, म्हणजे निदलपुंज, फिरवून फिरवून पाहतो. एका जातीत ते एका बाजूने उभं फाटतं आणि टोकाला पाच बारीक दात राहतात. दुसरीत फाटतं, पण दात नसतात. तिसरीत ते पेल्यासारखं राहून दोन ओठांत उघडतं आणि त्या झाडाची सालही बुचासारखी मऊ, जाड असते. तुमच्या हातातल्या फुलाला दात आहेत. वाका, नीट बघा, नखाच्या टोकाएवढे आहेत. चित्रकार ते कागदाच्या तळाशी वेगळे, मोठे करून काढतो. मग पात्याने फूल चिरून दहा पुंकेसर सुटे मांडतो. एवढं सुंदर फूल चिरताना जीव हळहळतो, पण ओळख पटते ती या चिरलेल्या फुलातच.

रंगही आजच भरायला हवा. वाळवून कागदात दाबलेल्या नमुन्यात हा लाल पुढे काळपट पडतो, आणि दूरच्या अभ्यासकाला जिवंत फूल कसं होतं ते सांगायला हे चित्रच उरतं.

खिडकीबाहेर उरलेल्या तुऱ्यांवर शिंजीर आणि मैना मधासाठी भांडताहेत. या पानावर त्यांना जागा नाही. पाखरांची दखल घेणारा माणूस पुण्यात आधीच होऊन गेला आहे. तो म्हणजे कर्नल साइक्स. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी लंडनमध्ये १८३२ साली छापली गेली. पाखराच्या पोटात काय सापडलं, तेही त्याने टिपून ठेवलं. नदीच्या चिखलात मान आखडून बसलेली ती ढोकरी दिसते? तिचं शास्त्रीय नाव त्याच यादीतून आलं.

दापोडीत रंगवलेली दीडशेहून अधिक चित्रं आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. ती ‘दापुरी’ चित्रं म्हणून ओळखली जातात. गावाचं नाव राहिलं, गिब्सन यांचं राहिलं, चित्रकाराचं मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. मला हे फार लागतं. आवरणाचे ते पाच दात ज्याच्या डोळ्यांनी आधी हेरले आणि ज्याच्या हाताने कागदावर आणले, तोही या शास्त्राचा मानकरी आहे.

तो आता कुंचला धुतो आहे. कागदाची डावी बाजू त्याने मुद्दाम कोरी सोडली आहे. पांगारा फुलतो तेव्हा निष्पर्ण असतो. तीन-तीन पर्णिकांची पानं मागाहून येतात. तेव्हा हाच कागद पुन्हा टेबलावर येईल आणि त्याच झाडाची फांदी आणायला तुम्हालाच जावं लागेल. म्हणून निघण्याआधी त्या झाडाला एक खूण करून ठेवा.